निळ्या दोऱ्याची चप्पल

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं धनराजले फुकट देल्ली होती. वर्षभर खुंटीले टांगून होती. वरतं खताच्या पोत्याचं चित्र, आत कोरी. काल भाऊबीजेच्या दिवशी नंदिनीचा फोन आला तं म्हणे, "आजी, तू यात लिहीत जा. मी आली की वाचीन." मी म्हटलं, "पोरी, माझी शाळा दुसरीपर्यंत. दुसरीत असताना आमची म्हैस हरवली, तिले शोधायले गेली ते मंग शाळेत परत गेलीच नाई." ती म्हणे, "जसं बोलते तसं लिही." बोलायचं म्हटलं तं मले कोणी थांबवू शकत नाई, मंग लिहायले काय झालं.

तर मी भागीरथा. आमचं गाव मूलच्या पुढं सात किलोमीटर. घरात मी, माझा पोरगा धनराज आन सून ज्योत्स्ना. नंदिनी त्यायची एकुलती एक पोरगी, चंद्रपूरले देल्ली. देल्ली म्हणजे तिनं आपल्या मनानं केलं. तरणजीत नावाचा सरदाराचा पोरगा. तीन वर्षांआधी आमच्या बोअरची मोटार जळली तवा दुरुस्त करायले आला होता. मोटार एका दिवसात सुरू झाली, पण पोरगा चार खेपा आला. मले तवाच समजायले पाह्यजे होतं. मी त्याले दर खेपी चहा देत राह्यली.

लग्न गुरुद्वाऱ्यात झालं. मी आन ज्योत्स्ना गेलो. धनराज गेला नाई. ओसरीत उभा राहून म्हणे, "त्यायच्या दारात माझी चप्पल निघणार नाई." दोन वर्षं झाली. नंदिनीचा फोन आला की तो उठून गोठ्यात जाते. गोठ्याची भिंत कुडाची आहे, इथलं सगळं तिकडं ऐकू जाते. लिपायले झाली ती भिंत.

खरी बातमी राह्यलीच. नंदिनीले सातवा महिना लागला! मी पणजी होणार! कालपासून माझे पाय जमिनीवर नाई. दोनदा मीठ टाकलं भाजीत.

पण एक मोठी अडचण आहे. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होते, आन पोरीले न्यायले बापानंच जा लागते. मामा गेला, काका गेला तं चालत नाई. सासरच्या दारात जाऊन, पाणी पिऊन, "आमची पोरगी न्यायले आलो" असं बापानं म्हणायचं. आन ह्या बापाची तं चप्पलच निघत नाई.

ज्योत्स्ना रडते. मी रडत नाई. मी डोकं चालवून राह्यली.

नंदिनीच्या सासूनं, बलबीरबाईनं, आम्हाले बोलावणं पाठवलं आहे. पाच तारखेले कार्तिक पुनवेले त्यायच्या गुरूचा, नानकदेवाचा जन्मदिवस. मोठा उत्सव असते म्हणे, सगळे एका पंगतीत जेवतात. मी जाणार. रिकाम्या हातानं नाई, नवा तांदूळ घेऊन. धनराजले सांगायचं नाई.

डायरी पिठाच्या डब्यामागं ठेवून राह्यली. तिथी कोणी हात घालत नाई.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज बलबीरबाईसंग फोनवर पाऊण तास बोलली. त्यायचं घर तीन पिढ्यांपासून चंद्रपुरात. मराठी बोलतात, मधामधात हिंदी घालतात, जसं आपण वरणात चिंच घालतो. मी म्हटलं, "तुमचे गुरू होते कसे, मले सांगा, मी पाहुणी येऊन राह्यली तं माहीत पाह्यजे." तर बाईनं सुरू केलं.

गुरू जन्मले तवा सुईण होती, दौलतां तिचं नाव, मुसलमान होती. लेकरं रडत येतात, हे हसत आलं, तिनं पाह्यलं. म्हणजे येवढ्या मोठ्या माणसाचं पहिलं हसू एका सुईणीनं पाह्यलं! मले हे लय आवडलं. माझ्या मायनंही गावातली पन्नासक बाळंतपणं केली, पण तिचं नाव कोण घेते.

मंग म्हणे, गुरूची एक मोठी बहीण होती, बेबे नानकी. हा भाऊ साधा नाई हे तिले सगळ्याच्या आधी समजलं. ती आपल्या आईच्या माहेरी जन्मली. पंजाबात आजोळाले 'नानके' म्हणतात, त्यावरून तिचं नाव नानकी पडलं म्हणे. मी चटकन म्हटलं, "म्हणजे तुमच्यातही पहिलं लेकरू आजोळीच?" बलबीरबाई म्हणे, "हौ ना समधनजी. माझा तरणजीतपण माझ्या माँच्या घरी झाला. मी कुठं अडवून राह्यली? नंदिनीची पेटी भरून ठेवली आहे. पण घ्यायले तिचे पापा आले पाह्यजे ना."

पाहा! म्हणजे तिकडून काहीच अडलं नाई. अडलं ते आमच्या ओसरीत.

आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी धनराजले मुद्दाम ऐकवली. तो विळ्याले धार लावत बसला होता. मी म्हटलं, "अरे, त्यायच्या गुरूच्या बापानं पोराले सौद्याले पाठवलं होतं. पोरानं रस्त्यात भुकेले साधू पाह्यले, सगळ्या पैशाचं त्यायले जेवू घातलं आन हात हलवत घरी आला. बाप असा भडकला की मारलं त्याले. येवढ्या मोठ्या माणसाचाही बाप रुसलाच होता."

धनराज म्हणे, "मंग?"

"मंग काय? बहीण मधात पडली."

"बापाचं काय झालं?"

हे मी बलबीरबाईले विचारलंच नव्हतं. म्हटलं, "मले काय माहीत, तू विचार."

तो म्हणे, "मले काय करायचं आहे," आन धार लावत बसला. विळा आधीच येवढा धारदार होता की आरशावाणी चमकून राह्यला होता.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कालपासून अवकाळी पाणी. कापलेलं धान बांधीत, पाणी भरल्या वावरात पडून आहे. धनराज आन ज्योत्स्ना दिवसभर ओल्या पेंढ्या उचलून धुऱ्याच्या उंच बांधावर टाकत होते. मी भजे केले, दुसरं काय करणार.

धनराजच्या चप्पलचा पट्टा चिखलात तुटला. टायरची चप्पल, सात वर्षांची. त्यानं मासळीच्या जाळ्याचा निळा दोरा घेऊन शिवला. म्हटलं, नवी घे. म्हणे, हिचं काय वाईट आहे? बापावर गेला आहे. त्याचा बाप एकाच छत्रीवर तीस वर्षं काढून गेला.

माझी अडचण अशी: दिवाळीआधी निघालेलं हलकं धान घरात आहे, पण ते मूलच्या राईस मिलमध्ये न्यावं लागते. मी नेलं तं धनराज विचारीन. आन दहा किलोचं पोतं या खांद्यानं एसटीत कसं चढवू? ज्योत्स्नाची कंबरही आज गेली. डोकं चालत नाई. पाणीही थांबत नाई.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

देव आहे! काल पाणी थांबलं आन धनराज आपल्या मनानं उठला, "घरी खायले तांदूळ संपले" म्हणे, आन दोन पोते धान घेऊन मिलमध्ये गेला. तांदूळ संपले नव्हते, डब्यात चांगले पंधरा दिवसाचे होते. पण मी कायले बोलू? संध्याकाळी आला तं मोठी गोणी कोठीत ठेवली आन एक लहान थैली माझ्यापुढं. "हा वेगळा ठेव. कणी काढून आणली आहे. पाहुणे आले तं कामी येईन." आमच्याकडं पाहुणे कोण येते? पण थैली बरोबर दहा किलोची निघाली, मी ताजव्यावर तोलली. मले तं हसूच आवरेना. पोरगा बिचारा साधा आहे, मनात काहीच नाई. त्याच्याच हातचा तांदूळ मी चोरून राह्यली.

डायरीच्या पानात आज धानाचं एक कुसळ सापडलं. मी तं बांधीत गेलीच नाई. उंदीर झाले असतीन पिठाच्या डब्यामागं. ज्योत्स्नाले पिंजरा लावायले सांगितलं तं धनराज म्हणे, "नको. तिथी उंदीर नाई." याले कसं माहीत?

२ नोव्हेंबर, रविवार

आज तुळशीचं लग्न लावलं. ऊस, बोरं, आवळे. अंतरपाट धरायले शेजारची इतवारी आली. तिनं मुद्दाम विचारलं, "भागीरथाबाई, नंदिनीचं लेकरू काय होईन मंग, सरदार का आपल्यातलं?" मी म्हटलं, "पयले तं ते उघडं होईन, बाई. टोपडं कोणी शिवलं तं घालून घेईन." ज्योत्स्ना हसली. कित्येक दिवसांनी हसली.

नंदिनीशी बोलली. पाय सुजतात म्हणे. मी विचारलं, "डोहाळे कायचे लागले?" लाजली. मंग हळूच म्हणे, "आजी, शिंगाडे. आपल्या तलावातले, उकडलेले. बाबा दुपट्ट्यात बांधून आणायचे ना, गरम गरम. इथं बाजारात भेटतात, तरणजीतनं आणले दोनदा. पण तसे नाई लागत." आन नाक ओढलं. मी म्हटलं, रडते का? म्हणे, नाई, सर्दी झाली.

हे मी कोणालेच सांगितलं नाई. ज्योत्स्नाले सांगितलं तं ती रडीन. धनराज तं त्या वेळी घरी नव्हताच, म्हशीले घेऊन तळ्यावर गेला होता. फक्त इथी लिहून ठेवते. पाच तारखेले शिंगाडे कुठून आणू? तळ्यातले शिंगाडे आता मासळीवाले ढिवर लोक काढून राह्यले, पण मी पाण्यात उतरू का या वयात?

आणखी एक विचारलं बलबीरबाईले, त्या बापाचं काय झालं म्हणून. ती म्हणे, गुरू लय वर्षं गावोगाव फिरले, मंग करतारपूरले येऊन राह्यले. अंगातला फकिराचा वेष उतरवला आन नांगर धरला. स्वतः शेती केली, आन जे पिकलं ते पंगतीत वाढलं. आईबापही शेवटी तिथीच त्यायच्याजवळ येऊन राह्यले म्हणे. मले या शेतीचं लय नवल वाटलं. देवमाणूस, पण त्याच्याही पायाले चिखल लागला असीन आपल्यासारखा. आन बापाले अखेर पोरापाशीच यावं लागलं.

धनराजनं काही विचारलं नाई, म्हणून मीही सांगितलं नाई.

४ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या. लुगडं काढून ठेवलं, हिरवं. नारळ घेतला, अगरबत्ती घेतली. तांदळाची थैली जुन्या साडीत बांधली, कोणी ओळखणार नाई. धनराजले सांगितलं की मी आन ज्योत्स्ना मूलच्या दवाखान्यात जातो, कंबर दाखवायले. "दोघी?" म्हणे. म्हटलं, "दोघींची कंबर आहे." तो "बरं" म्हणाला आन माझ्या हिरव्या लुगड्याकडं पाहून बाहेर गेला.

एसटी स्टँडपर्यंत थैली नेणं तेवढं राह्यलं. एक किलोमीटर आहे. कशी नेईन देव जाणे.

५ नोव्हेंबर, बुधवार, कार्तिक पुनव

आता संध्याकाळ झाली आहे. आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाई. क्रमानं लिहिते, नाई तं माझी गाडी कुठी जाईन सांगता येत नाई.

सकाळी उठली तं धनराज घरात नव्हता. बैलही गोठ्यातच, म्हणजे बांधीत नाई गेला. आम्ही थैली उचलून ओसरीत आणली, तेवढ्यात दारापुढं आमच्या गावातल्या इसरूचा टेम्पो उभा. इसरू म्हणे, "माय, बसा. मी तसाही चंद्रपूरले रिकामाच चाललो." मी म्हटलं, "आम्ही चंद्रपूरले चाललो हे तुले कोणी सांगितलं?" तो तंबाखू मळत राह्यला आन हसत राह्यला. कोणी चांगलं केलं तं लय चौकशी करू नये. बसलो.

गुरुद्वारा फुलायनं सजवला होता. बलबीरबाई दारातच भेटली, गळ्यात पडली. माझ्या हातातला नारळ पाहून एक सेवादार हसला, "बीजी, इथं नारळ फोडत नाई." मी म्हटलं, "मंग याची चटणी करा." घेतला बिचाऱ्यानं, मुदपाकखान्यात ठेवला. तांदळाची थैली दोघायनं उचलून नेली. कोणाच्या नावाचा, किती, कायीच विचारलं नाई. सगळ्याच्या तांदळात मिसळून गेला.

आत मूर्ती नाई. मोठं पुस्तक गादीवर, वर चांदवा, आन एक जण मागं उभा राहून त्याले चवरी ढाळते. पुस्तकाले! मी दुसरीत शाळा सोडली म्हणून आयुष्यभर लाजत आली, तिथी अक्षरायले येवढा मान पाहून माझे डोळे भरले. मी डोकं टेकलं. काय मागितलं ते सांगायची गरज नाई.

आता खरी गोष्ट. बाहेर चपला ठेवायची एक खोली आहे, जोडाघर म्हणतात. येणाऱ्याची चप्पल घ्यायची, धूळ पुसायची, फळीवर ठेवायची आन नंबरचा बिल्ला द्यायचा. मोठे मोठे दुकानदार, मास्तर तिथी बसून लोकायच्या चपला पुसतात, आन ते पुण्याचं काम मानतात. नंदिनीले पाय सुजल्यानं उभं राह्यवत नाई, तं तिले तिथी स्टूल देल्लं होतं. केशरी ओढणी, पोट येवढं, आन गालावर तेज. मी तिच्याजवळच बसली. बलबीरबाई म्हणे, "समधनजी, तुम्ही मेहमान आहे, उठा." मी म्हटलं, "मेहमान कायची, मी पणजी आहे," आन फडकं घेतलं. आमच्या दोघींच्या गप्पा आन चपला, दोन्ही चालू.

त्या खोलीची खिडकी ठेंगणी आहे. माणसाचं तोंड दिसत नाई, हात तेवढा दिसते आन चप्पल. सँडल आली, बूट आले, एका बाईची मोत्याची चप्पल आली. मंग खिडकीत एक टायरची चप्पल आली. चिखलानं भरलेली. पट्ट्याले निळा दोरा.

मी बोलायले गेली आन नंदिनीकडं पाह्यलं तं थांबली. तिले निळ्या दोऱ्याचं काय माहीत, तो तं आता शिवला. पण लग्नाआधी पाच वर्षं ती चप्पल घराच्या दारात पाह्यली होती तिनं. तिनं चप्पल मांडीवर घेतली. माझ्याजवळचं फडकं घेतलं नाई, आपल्या ओढणीच्या पदरानं पुसली. पट्टा, तळ, टाच, सगळं. हळूहळू. त्या चपलेचा खरा रंग काळा आहे हे मलेही आज समजलं. मंग बिल्ला पुढं केला.

बिल्ला कोणी घेतला नाई. खिडकीतून एक दुपट्टा आत आला, गाठ मारलेला, अजून कोमट, त्यातून उकडलेल्या शिंगाड्यायचा वास येऊन राह्यला होता.

"काटे मी काढले आहे," बाहेरून आवाज आला. "हाताले लागतीन म्हणून."

नंदिनी म्हणे, "बाबा."

खिडकीत रिकामा हात पुढं आला. मंग, "रांग लागली मागं. बिल्ला दे."

तिनं बिल्ला दिला, पण हात सोडला नाई. मागचे लोक थांबले. कोणी गडबड केली नाई. सरदार लोक धीराचे.

पंगतीत धनराज माझ्या बाजूले बसला, डोक्याले केशरी रुमाल बांधून. तरणजीत भात वाढायले आला, अर्धा भात ताटात, अर्धा खाली. धनराजनं एक घास घेतला आन म्हणे, "माय, यात आपला तांदूळ आहे." मी मान खाली घातली. चोर पकडल्या गेला. पण तो रागावला नाई. पोराले म्हणे, "आणखी वाढा, जावाईबापू." दोन वर्षांत पहिल्यांदा त्याले काही म्हटलं.

ज्योत्स्ना हळूच म्हणे, "तुमची चप्पल तं निघणार नव्हती ना?"

"त्यायच्या दारात," धनराज म्हणे. "हे दार तं सगळ्यायचं होय."

मी मनात म्हटलं, बाबा, हे झालं. पण पोरीले न्यायचं तं घराच्याच दारातून आहे. तिथी काय करशील? घरच्या दारात चप्पल काढून, पाणी पिऊन, रविवारी तिले घेऊन आला तं मी गावभर पेढे वाटीन. हे मी त्याले बोलली नाई. इथीच लिहून ठेवलं.

९ नोव्हेंबर, रविवार

नंदिनी घरी आहे! माझ्या खाटेवर झोपली आहे आन मी तिच्या पायाजवळ बसून लिहून राह्यली.

आज सकाळी धनराजनं धुतलेला सदरा घातला, इसरूचा टेम्पो सांगितला आन म्हणे, "चाला." चंद्रपुरात बलबीरबाईच्या दारात उभा राह्यला. त्यानं चप्पल काढली, दोन्ही सरळ जोडून ठेवल्या, भिंतीजवळ. आत जाऊन बसला, पाणी प्यायला आन म्हणाला, "आमची पोरगी न्यायले आलो." बलबीरबाईनं तोंड गोड करायले लाडू पुढं केला तं याच्यानं तोंड उघडेना. मंग दोघंही रडले, लाडू तसाच हातात.

जाताना बलबीरबाई म्हणे, "भाईसाब, बेबे नानकीच्या घराण्याचा रिवाज पाळला तुम्ही." धनराज म्हणे, "हौ, ती आजोळी जन्मली होती." मी चाट! याले कसं माहीत? मी तं फोनवर बोलली होती, आन तो त्या वेळी गोठ्यात. ती भिंत लिपायची नाई आता, असू दे तशी.

पेढे धनराजनंच आणून ठेवले होते, घरी आलो तं दोन किलोचा डबा. म्हणे, "माय, गावभर वाट." बापलेकीचं मन एक असते हे ऐकलं होतं, पण मायलेकाचंही असते. बोला लागत नाई.

दुपारी नंदिनीले डायरी वाचायले देल्ली. कबूल केलं होतं. ती शिंगाडे सोलत वाचत होती. हसायले लागली, मंग रडायले लागली, मंग पान उलटून पुन्हा हसायले. मी म्हटलं, "येवढं काय लिहिलं मी?" ती ओसरीकडं पाहत होती. तिथी धनराज पाठ करून बसला होता, आन त्याले एकदम खोकला आला.

"आजी," ती म्हणे, "ही डायरी तू कुठं ठेवते?"

"पिठाच्या डब्यामागं. कोणालेच माहीत नाई."

तिनं माझा हात धरला. मंग म्हणे, "जागा बदलू नको, आजी."

कायले बदलू? चांगली जागा आहे. आता फक्त एक पाळणा पाह्यजे. विकतचा लोखंडी नको, त्याचा आवाज येते. धनराज लहान असताना होता तसा, बांबूचा, झोळीले मऊ लुगडं. त्याच्या बापानं विणला होता. आता कोणाले येते ते विणायले? धनराजले येते, पण त्याले धान चुरायचं आहे, मळणी राह्यली, मी त्याले त्रास देणार नाई. कोणाले सांगणारही नाई.